लाइटबर्न, लेझर-जीआरबीएल की आरडीवर्क्स? छोट्या लेझर मशीनवर वेळ कुठे वाचतो

लेझर मशीन घरी आली की पहिला आठवडा सॉफ्टवेअर शोधण्यात जातो. जो तो वेगळं नाव सांगतो आणि प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर असतं, कारण त्याची मशीन वेगळी असते. तेव्हा आधी मशीनमधलं कंट्रोलर कार्ड (तिला चालवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी) कोणतं आहे ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

निळ्या प्रकाशाच्या उघड्या डायोड मशीनमध्ये बहुतेक वेळा जीआरबीएल (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) असतं. तिथे लेझर-जीआरबीएल आणि लाइटबर्न दोन्ही चालतात. रंगीत पडदा आणि बटणं असलेल्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीच्या) मशीनमध्ये बऱ्याचदा रुइडा कंपनीचं कार्ड असतं. त्यावर आरडीवर्क्स किंवा लाइटबर्न चालतं, लेझर-जीआरबीएल नाही. के-४० नावाच्या छोट्या सीओटू मशीनमध्ये एम-२ नॅनो कार्ड असेल तर लाइटबर्नचा विषयच संपतो, ते या कार्डाशी बोलत नाही. तिथे के-४० व्हिस्परर किंवा मीअर-के-४०-टी घ्या, दोन्ही फुकट आहेत. व्हिस्पररमध्ये रंगाचा नियम आहे: लाल रेघ कापायची, निळी रेघ ओळीने कोरायची, बाकी सगळं चित्र म्हणून कोरायचं. इंकस्केप या रेखाचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ अगदी शुद्ध लाल ठेवा. थोडी गडद लाल झाली तरी मशीन ती कापत नाही, चित्र समजून घासत बसते.

एखादी वस्तू आणि पन्नास वस्तू

लेझर-जीआरबीएल फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं आणि जुन्या लॅपटॉपवरही रखडत नाही. फोटो टाका, ठिपक्यांची पद्धत निवडा, आकार मिलिमीटरमध्ये द्या, चालवा. बीबी का मकबऱ्याचा फोटो लाकडी फळीवर कोरून द्यायचा असेल तर यापेक्षा लवकर होणारं काही नाही. त्यातच वेग आणि ताकदीची तपासणी-चौकट तयार करून मिळते. नवीन प्लाय आणला की ती कोपऱ्यात एकदा चालवा आणि त्यावर पेनाने दुकानाचं नाव लिहून ठेवा. लातूरच्या एका दुकानातला ३ मिमी एमडीएफ आणि नांदेडच्या दुसऱ्या दुकानातला ३ मिमी एमडीएफ एकाच वेगाने कापला जाईल याची खात्री कोणी देऊ नये.

त्याची अडचण एका फायलीत दोन कामं आली की सुरू होते. किचेनवर नाव कोरायचं, भोक पाडायचं आणि बाहेरून कापायचं आहे. लेझर-जीआरबीएलमध्ये एका एसव्हीजी फायलीला (रेघांचं चित्र) एकच वेग आणि एकच ताकद मिळते. म्हणजे दोन-तीन फायली, प्रत्येकीला वेगळी सेटिंग, आणि मध्ये शून्य (मोजणीचा आरंभबिंदू) हललं तर सगळं वाया. लाइटबर्नमध्ये हेच तीन रंगांचे लेयर असतात. कोरण्याचा लेयर यादीत वर, कापण्याचा खाली, आणि ऑप्टिमायझेशनमध्ये ‘आतले आकार आधी कापा’ सुरू. बाहेरची रेघ आधी कापली गेली की तुकडा सुटतो, हवेच्या झोताने तिरपा होतो आणि भोक भलतीकडे पडतं. नवशिक्यांचा माल वाया जाण्याचं हे सगळ्यात साधं कारण.

एकाच आकाराच्या पन्नास प्रती काढायच्या तर लाइटबर्नच्या ग्रिड ॲरेमध्ये ओळी, रकाने आणि मधलं अंतर टाकलं की दोन मिनिटांत मांडणी होते. अंतर २ मिमी पुरतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पदकं किंवा लॉजच्या चाव्यांचे क्रमांक असले तर व्हेरिएबल टेक्स्टने क्रमांक आपोआप पुढे सरकतो, यादी साध्या तक्त्याच्या सीएसव्ही फायलीतूनही घेता येते. इथे फुकट सॉफ्टवेअर महाग पडतं, कारण पन्नास नावं हाताने टाकताना एखादं चुकतंच.

लाइटबर्न विकत घ्यावं लागतं. ३० दिवस ते फुकट वापरता येतं. परवान्यात एक वर्षाचे अपडेट येतात. वर्ष संपल्यावर सॉफ्टवेअर बंद पडत नाही, फक्त नवी आवृत्ती मिळत नाही. ‘दरवर्षी पैसे भरावे लागतात’ असं सांगणारे भेटतील. ते खरं नाही.

आरडीवर्क्स फुकट मिळतं आणि रुइडाच्या मशीनसोबतच येतं. दिसायला ओबडधोबड आहे, मराठी मजकुराशी त्याचं जमत नाही, पण कोरलड्रॉमधून डीएक्सएफ (रेखाचित्राची फाइल) आणून कापण्यापुरतं ते भक्कम आहे. साइनबोर्डचं दुकान असेल, फायली आधीच कोरलमध्ये तयार होत असतील, तर फक्त कापण्यासाठी लाइटबर्नवर खर्च करायची घाई नको.

मराठी अक्षर: इथे सगळी सॉफ्टवेअर सारखीच

कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं तरी देवनागरी मजकूर इंकस्केपमध्ये तयार करा. ते फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट जुळवतं. ग्राहक व्हॉट्सॲपवर नाव पाठवतो ते युनिकोडमध्ये असतं. ते श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये चिकटवलं की भलतीच चिन्हं उमटतात आणि लोक पुन्हा टाइप करत बसतात. फॉन्ट युनिकोडचाच घ्या. कापण्यासाठी बालूसारखा जाड बरा. कोरण्यासाठी तिरो देवनागरी मराठी चांगला, त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात आणि ‘हा हिंदीतला ल आहे’ ही तक्रार मिटते. पण तो कापायला घेऊ नका. त्याच्या बारीक रेघा ३ मिमी एमडीएफमध्ये कोळसा होतात. कापायच्या अक्षरात कुठेही २ मिमीपेक्षा बारीक जागा ठेवायची नाही, असा नियम धरा.

आता खरी मेख. मजकूर निवडून कंट्रोल+शिफ्ट+सी केलं की त्याचा पाथ (कापता येणारी बाह्यरेखा) होतो, पण प्रत्येक अक्षराचा वेगळा. शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. पडद्यावर नाव अखंड दिसतं. मशीन मात्र प्रत्येक अक्षराची कड कापते, म्हणजे शिरोरेषा दर अक्षरापाशी आडवी छेदली जाते आणि नाव उचललं की हातात सुटी अक्षरं येतात. कोरताना हाच घोळ वेगळा दिसतो: जिथे दोन तुकडे चढतात तिथे भरणी (आतला भाग भरून कोरणं) रद्द होते आणि शिरोरेषेत पांढऱ्या फटी राहतात. उपाय दोन पायऱ्यांचा. पाथ केल्यावर कंट्रोल+शिफ्ट+जी ने गट सोडा, सगळं निवडा आणि कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून युनियन करा, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक आकार होतो. मग व्ह्यू मेनूतून आउटलाइन दृश्य लावून बघा. शिरोरेषेत एकही उभी रेघ दिसता कामा नये.

युनियन केल्यावरही ‘शुभ लाभ’ फसतं. ‘भ’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, ‘ध’ आणि ‘थ’चंही तेच. त्यामुळे ‘शु’ आणि ‘भ’ हे दोन सुटे तुकडे होतात, ‘ला’ आणि ‘भ’ही तसेच. अनुस्वार तर हवेतच असतो, आणि ‘पाटील’मधली वेलांटी काही फॉन्टमध्ये शिरोरेषेला जेमतेम टेकते. अशा जागी २ ते ३ मिमीची पट्टी काढून युनियनमध्ये घ्या, किंवा मागे एक आडवा दांडा द्या. दाराच्या ‘शुभ लाभ’साठी दांडा दिसायलाही बरा. उलट, पाटीतून अक्षर कापून काढायचं असेल तर व, ब, क, घ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तिथे पोटाला पूल लागतो.

लाइटबर्नमध्ये थेट मराठी टाइप करायचं असेल तर आधी ‘सिद्धार्थ, कृष्णा, ज्ञानेश्वर, श्री’ एवढं टाकून प्रिव्ह्यूमध्ये नीट बघा. सगळं जुळलं तरच पदकांची यादी सीएसव्हीतून सोडा.

आकाराचा एक त्रास सर्वांना होतो. इंकस्केपमध्ये चौकट १०० मिमीची आणि रेघ १ मिमी जाड असेल तर रुंदी १०१ दाखवते, कारण ते रेघेची जाडीही मोजतं. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली बाउंडिंग बॉक्स ‘जिओमेट्रिक’ करून टाका. आणि आणलेली फाइल बरोब्बर तीन-चतुर्थांश आकाराची दिसली तर ७२ आणि ९६ डीपीआयचा (इंचाला किती ठिपके) गोंधळ आहे. आयात करण्याच्या सेटिंगमध्ये डीपीआय बदला, हाताने ताणत बसू नका.

मशीन चालते तेवढा वेळ

२०० बाय ४० मिमीची पाटी, भरणीने कोरायची, ओळींमधलं अंतर ०.१ मिमी, वेग ३००० मिमी प्रति मिनिट. आडव्या ४०० ओळी, प्रत्येकीला ४ सेकंद, म्हणजे साधारण २७ मिनिटं. अंतर ०.१२५ केलं तर ३२० ओळी आणि २१ मिनिटं. बऱ्याच डायोडचा ठिपका तेवढा रुंद असतोच, त्यामुळे नजरेला फरक कळत नाही. लेझर-जीआरबीएलमध्ये हीच गोष्ट ‘मिलिमीटरला किती ओळी’ अशी असते: १० म्हणजे ०.१, ८ म्हणजे ०.१२५.

तीच पाटी उभ्या ओळींनी कोरली तर ओळी २००० होतात. एकूण अंतर तेवढंच, पण दर वळणावर मशीनचं डोकं थांबून परत वेग घेतं. प्रवेग ५०० मिमी प्रति सेकंद वर्ग असेल तर एका वळणाला ०.२ सेकंद. आडवं कोरताना त्याचे ८० सेकंद होतात, उभं कोरताना ४००. म्हणून ओळी नेहमी लांब बाजूने टाका. डावीकडे लोगो, उजवीकडे नाव आणि मध्ये मोकळी जागा असेल तर लाइटबर्नमध्ये ‘सगळे आकार एकत्र भरा’ बदलून गटागटाने भरा, नाहीतर डोकं रिकाम्या जागेवरूनही ये-जा करतं.

वेग ६००० लिहूनही काम तेवढंच हळू चालत असेल तर मशीनमधली $११० आणि $१११ ही कमाल वेगाची मर्यादा बघा. मशीन त्यापुढे जात नाही. लाइटबर्नने दाखवलेला वेळ आणि प्रत्यक्षातला वेळ जुळत नसेल तर हेच कारण. वेग-प्रवेग कंट्रोलरमधून वाचून घ्यायची सोय आहे, ती एकदा वापरा. $३२ (लेझर मोड) हे १ असावं, नाहीतर कोपऱ्यांवर डोकं मंदावताना ताकद कमी होत नाही आणि काळे ठिपके पडतात. $३० (मशीनमधला कमाल ताकदीचा आकडा) आणि सॉफ्टवेअरमधलं एस-व्हॅल्यू मॅक्स सारखं हवं. मशीनमध्ये २५५ आणि सॉफ्टवेअरमध्ये १००० असेल तर २५ टक्के मागितल्यावरच पूर्ण ताकद लागते. मग माणूस दिवसभर वेगच बदलत बसतो.

जाळीच्या डिझाइनमध्ये शेजारच्या षटकोनांची बाजू सामाईक असते आणि ती दोनदा कापली जाते. वेळ जास्त लागतो आणि कड जास्त जळते. गौरी-गणपतीच्या मखराची जाळी असो की वेरूळच्या नक्षीवरून काढलेली, लाइटबर्नच्या ऑप्टिमायझेशनमध्ये ‘एकावर एक आलेल्या रेघा काढा’ सुरू ठेवा. लेझर-जीआरबीएलमध्ये ही सोय नाही, रेघा इंकस्केपमध्ये हाताने पुसाव्या लागतात. मोठ्या जाळीला अर्धा तास त्यातच जातो.

डब्यांचे खाचे जुळत नसतील तर कर्फ, म्हणजे रेघेत जळून जाणारी रुंदी, मोजा. १० मिमीचे दहा चौकोन कापा, ओळीने दाबून लावा. ९८.४ मिमी भरले तर १.६ भागिले १०, म्हणजे ०.१६ मिमी रेघेत जळतात. लाइटबर्नच्या कर्फ ऑफसेटमध्ये निम्मे, ०.०८, टाका. डब्यांचे आराखडे फुकट करून देणाऱ्या बॉक्सेस-डॉट-पायमध्ये ‘बर्न’लाही निम्मेच. दोन्हीकडे टाकू नका, खाचे इतके घट्ट होतील की हातोडी लागेल.

लाइट गेली तर

मराठवाड्यात हा प्रश्न बाजूला ठेवून सॉफ्टवेअर निवडता येत नाही. जीआरबीएल मशीनला लॅपटॉप यूएसबीमधून ओळीमागून ओळ पाठवत असतो. लाइट गेली, लॅपटॉप झोपला किंवा विंडोज अपडेटला लागलं, तरी काम थांबतं. स्लीप बंद ठेवा. रुइडामध्ये फाइल मशीनच्या स्मृतीत जाते, त्यामुळे लॅपटॉप काढून घेतला तरी चालतं. काही डायोड मशीनना एसडी कार्डाची सोय असते, असेल तर मोठी कामं त्यावरूनच चालवा.

अर्धवट काम पुढे न्यायला लाइटबर्नच्या प्रिव्ह्यूमध्ये (ऑल्ट+पी) पट्टी सरकवून ‘इथून सुरू करा’ करता येतं. लेझर-जीआरबीएलमध्येही ठरावीक ओळीपासून चालवता येतं. दोन्हीकडे अट एकच: शून्य आधीच्याच जागी यायला हवं. होमिंगचे स्विच (डोकं आपोआप ठरलेल्या कोपऱ्यात नेणारे) असतील तर होम करा. नसतील तर काम सुरू करण्याआधीच डोकं एका ठरलेल्या कोपऱ्याला टेकवून तिथून शून्य धरायची सवय लावा. आणि काही झालं तरी माल हलवू नका.

लांबलचक भरणीचा आणखी एक तोटा मे महिन्यात कळतो. सीओटू नळीचं पाणी गरम झालं की तिची ताकद उतरते. हिवाळ्यात ठरवलेली सेटिंग तेव्हा ३ मिमी कापत नाही, म्हणून लाइटबर्नच्या मटेरियल लायब्ररीत उन्हाळ्याची नोंद वेगळी ठेवा. शक्य तिथे पूर्ण भरणीऐवजी नुसती किनार कोरा. वीस मिनिटांचं काम दोन-तीन मिनिटांवर येतं आणि नावाच्या पाटीला ते शोभतंही.

‘कनेक्ट होत नाही’ म्हणून सॉफ्टवेअर काढून परत टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा. सीएच-३४० चा (यूएसबी जोडणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर आहे का, आणि दुसरं लेझर सॉफ्टवेअर मागे उघडं नाही ना. एक पोर्ट एकाच वेळी दोघांना मिळत नाही. दोन सॉफ्टवेअरची तुलना करायला बसलेल्यांचा वेळ हमखास यातच जातो.

पीव्हीसी कोणत्याही मशीनवर, कोणत्याही सेटिंगवर कापायची नाही. सनबोर्ड म्हणून मिळणारी पीव्हीसी फोमशीट आणि रेक्झिनही त्यातच आले. त्यांच्या धुरातल्या क्लोरीनयुक्त वायूंनी मशीन गंजते आणि माणसाची छाती भरते. आणि निळ्या डायोडने पारदर्शक ॲक्रिलिक कापण्याची सेटिंग शोधत बसू नका. तो प्रकाश आरपार जातो, त्याला सीओटूच लागतं.

आमचं मत विचाराल तर डायोड मशीनवर छंद म्हणून महिन्यात दोन-चार वस्तू करणाऱ्याने लेझर-जीआरबीएल आणि इंकस्केपवर थांबावं. ऑर्डर घेणाऱ्याने लाइटबर्न घ्यावं, पण मशीन आली त्याच दिवशी ३० दिवसांची फुकट मुदत सुरू करू नये. आधी इंकस्केपवर हात बसू द्या. लग्नसराईची किंवा १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या स्मृतिचिन्हांची पहिली मोठी ऑर्डर हातात आली की मग ३० दिवस मोजायला सुरुवात करा, आणि त्या ऑर्डरीच्या फायदा-तोट्यावरूनच परवान्याचं ठरवा.