अंतरपाट दूर होताना: लुमिक्स एस५-टू या कॅमेऱ्याचा आढावा

मंगलाष्टकांचा शेवटचा चरण संपतो, ‘सावधान’ म्हटले जाते, अंतरपाट दूर होतो आणि त्याच क्षणी चारी बाजूंनी अक्षता पडू लागतात. वधूवरांच्या चेहऱ्यांवरचा तो पहिला भाव जेमतेम दोन-तीन सेकंद टिकतो, आणि नेमक्या तेवढ्या वेळात कॅमेरा आणि चेहरे यांच्यामधून तांदळाचे शेकडो दाणे जात असतात. आप्तांच्या लग्नांत हौसेने कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला नव्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याकडून काय हवे असते, हे सांगायला मला याहून चांगला प्रसंग सापडत नाही. फोटो हवा असतो, चित्रीकरणही हवे असते, आणि दोन्हीही चालू असताना फोकस डोळ्यांवरून ढळू नये एवढीच अपेक्षा असते. पॅनासॉनिकचा लुमिक्स एस५-टू हा कॅमेरा मी दोन वर्षे वापरत आहे आणि या अपेक्षेला तो कुठे पुरा पडतो, कुठे कमी पडतो, ते येथे सविस्तर लिहितो.

फोटो आणि चित्रीकरण एकाच यंत्रात ही कल्पना नवी नाही. २००८ मध्ये निकॉनचा डी९० आणि कॅननचा ५डी मार्क टू या आरशाच्या कॅमेऱ्यांत चित्रीकरण आले, परंतु चित्रीकरणासाठी आरसा वर उचलावा लागे आणि मग डोळ्याला लावलेल्या व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख होई. आरसाच काढून टाकलेला पहिला मायक्रो फोर थर्ड्स (लहान आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, लुमिक्स जी१, पॅनासॉनिकने त्याच वर्षी आणला. पुढे २०१४ च्या जीएच४ ने ४के चित्रीकरण थेट कार्डावर आणले आणि २०१७ च्या जीएच५ ने १०-बिट, ४:२:२ (म्हणजे रंगांचे बारकावे अधिक राखणारी) रंगनोंदणी हौशी माणसाच्या हाती दिली. चित्रीकरणात एवढी आघाडी घेणाऱ्या या कंपनीविषयी जगभरच्या हौशी मंडळींची तक्रार मात्र वर्षानुवर्षे एकच होती, आणि ती ऑटोफोकसची होती.

या तक्रारीचे कारण यंत्राच्या रचनेत होते. जुने लुमिक्स कॅमेरे प्रतिमेतील कॉन्ट्रास्ट मोजून फोकस ठरवत असत. लेन्स किंचित पुढे-मागे केल्याशिवाय प्रतिमा अधिक रेखीव होते आहे की धूसर, हे त्या पद्धतीत नीट कळत नाही. धूसरतेच्या स्वरूपावरून अंतराचा अंदाज बांधण्याची युक्ती कंपनीने त्याला जोडली होती, तरी चित्रीकरण चालू असताना मागची पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी हलताना दिसे. फोटोत हा दोष झाकला जातो, कारण शटर दाबण्यापूर्वीची चाचपणी कोणाला दिसत नाही, पण चित्रीकरणात ती चाचपणीच नोंदली जाते. याउलट फेज डिटेक्शन पद्धतीत लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना केली जाते आणि त्यावरून लेन्स कोणत्या दिशेला व साधारण किती सरकवायची, हे ती हलवण्यापूर्वीच समजते. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला एस५-टू हा ही पद्धत वापरणाऱ्या लुमिक्स कॅमेऱ्यांतला पहिला. त्यात फोकसची ७७९ क्षेत्रे आहेत.

अक्षतांच्या प्रसंगी या बदलाचा अर्थ मला प्रत्यक्ष कळला. चित्रीकरणासाठीच्या ऑटोफोकसची संवेदनशीलता मी मुद्दाम खाली आणून ठेवतो, म्हणजे मध्येच एखादा दाणा लेन्ससमोर आला तरी कॅमेरा लगेच त्याच्याकडे धावत नाही, वधूच्या डोळ्यांवर थांबून राहतो. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर ठेवून मी असे तीन विवाह चित्रित केले आहेत आणि तिन्ही वेळा अंतरपाट दूर होण्यापासून हार घालेपर्यंतचा भाग अखंड वापरता आला. २०२४ मध्ये आलेल्या फर्मवेअर ३.० ने (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) माणसांचा माग अधिक घट्ट धरला जाऊ लागला, आणि शटर पूर्ण दाबण्याआधीच्या क्षणांचे फोटो राखून ठेवण्याची सोयही आली. विकत घेतलेले यंत्र वर्षभराने अधिक चांगले व्हावे, ही या छंदातल्या माणसाची फार जुनी इच्छा आहे आणि येथे ती पैसे न मोजता पुरी झाली. तरीही वेड्यावाकड्या धावणाऱ्या मुलांचा किंवा उडत्या पक्ष्यांचा माग काढण्यात सोनीचे समकालीन कॅमेरे पुढे आहेत, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी अपेक्षा न बोलता मनात धरली जाणारी आहे: कॅमेऱ्याने मध्येच थांबू नये. बरीच वर्षे अनेक कॅमेरे एकोणतीस मिनिटे एकोणसाठ सेकंद झाली की चित्रीकरण बंद करत. तीस मिनिटांहून अधिक चित्रीकरण करणारे यंत्र युरोपीय संघाच्या जकातीत व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर अधिक कर बसे, हे त्यामागचे एक कारण होते. ती मर्यादा गेली तशी उष्णतेची अडचण ठळक झाली. आमच्या गावच्या सप्ताहात एका कीर्तनाच्या उत्तररंगात माझा आधीचा, दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा तापून बंद पडला होता. बुवा आख्यानाच्या ऐन भरात होते आणि पुढची वीस मिनिटे माझ्याकडे कायमची नाहीत. कीर्तन पुन्हा होते, पण तेच कीर्तन पुन्हा होत नाही. एस५-टू मध्ये व्ह्यूफाइंडरच्या उंचवट्याखाली लहानसा पंखा बसवलेला आहे आणि त्याच्या जोरावर कंपनी वेळेची मर्यादा न घालता चित्रीकरणाची हमी देते. दोन तास चाळीस मिनिटांचे कीर्तन मी त्यावर सलग घेतले. सभागृह शांत असतानाही पंख्याचा आवाज बाहेरच्या माइकमध्ये आला नाही. ही हमी ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी आहे, हे मात्र विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण मे महिन्यातल्या मांडवात पारा त्याच्या पुढे सहज जातो.

लांब चित्रीकरणात बॅटरी हा वेगळा प्रश्न असतो. प्रमाणित चाचणीनुसार एका बॅटरीत साधारण ३७० फोटो निघतात, हा आकडा सामान्यच आहे. पण यूएसबी-सी मधून पॉवर डिलिव्हरीच्या पॉवरबँकेने कॅमेरा चालू असतानाच वीज घेता येते, त्यामुळे तिपाईवर लावलेल्या कॅमेऱ्याची चिंता उरत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करण्याची सोय आणि पूर्ण आकाराचे एचडीएमआय हेही याच विश्वासाचे भाग आहेत. नाजूक, लहान एचडीएमआय जोड हलत्या हातात किती लवकर सैल होतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मला सर्वांत अधिक उपयोगी पडलेली सोय मात्र ‘ओपन गेट’ ही आहे. बहुतेक कॅमेरे चित्रीकरण करताना सेन्सरचा वरचा आणि खालचा भाग सोडून देतात, तर हा कॅमेरा ३:२ प्रमाणाचा संपूर्ण सेन्सर वापरतो आणि ५९५२ बाय ३९६८ पिक्सेलचे चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत नोंदवतो. आजकाल घरच्यांना दूरचित्रवाणीवर पाहायला आडवे चित्रीकरण हवे असते आणि भाचरांना त्याच संध्याकाळी मोबाइलवर टाकायला उभे. एकाच नोंदीतून दोन्ही काढता येतात. ३९६८ पिक्सेल उंचीतून ९:१६ प्रमाणाची उभी चौकट काढली, तर तिची रुंदी २२३२ पिक्सेल भरते, म्हणजे उभ्या ४के साठी लागणाऱ्या २१६० पेक्षाही थोडी अधिक. आडव्या ४के साठी तर चौकट वर-खाली सरकवायला भरपूर जागा उरते. त्यासाठी नोंदीचा वेग सेकंदाला २०० मेगाबिट असतो, म्हणजे तासाला साधारण ९० गिगाबाइट. एवढा वेग सेकंदाला ३० मेगाबाइटची हमी देणाऱ्या व्ही३० दर्जाच्या साध्या कार्डालाही पेलतो, आणि महागड्या कार्डांचा खर्च वाचतो.

रंगांच्या बाबतीत हा कॅमेरा मला फार आवडतो. १०-बिट नोंदीत प्रत्येक मूळ रंगाच्या १०२४ पायऱ्या मिळतात, ८-बिटमध्ये त्या २५६ असतात. हळदीच्या कार्यक्रमात हा फरक डोळ्यांना दिसतो: पिवळ्या साडीवर हळदीचा ओला पिवळा, त्यावर झेंडूचा केशरी आणि दुपारचे ऊन, हे सगळे ८-बिटमध्ये एकाच पिवळ्या पट्ट्यात विरून जाते, तर १०-बिटमध्ये प्रत्येक छटा आपली जागा राखते. व्ही-लॉग या, नंतर रंगसंस्कार करण्यासाठीच्या फिक्या नोंदपद्धतीत सेन्सरच्या दोन मूळ संवेदनशीलता ६४० आणि ४००० आयएसओ अशा आहेत. जुन्या मंगल कार्यालयाच्या मंद प्रकाशात मी २५०० वर रेंगाळण्याऐवजी सरळ ४००० निवडतो, कारण तेथे कणीदारपणा उलट कमी होतो. ज्यांना नंतर रंगसंस्कार करत बसायचे नाही, त्यांच्यासाठी आपल्या आवडीचा लट (एलयूटी, म्हणजे रंगसंस्काराचा तयार साचा) कॅमेऱ्यातच भरून फोटो आणि चित्रीकरण दोन्हींवर थेट लावता येतो. मी पैठणीच्या जरीला न्याय देणारा एक लट बरेच दिवस खपून तयार केला आहे.

मात्र कॅमेरा घेण्यापूर्वी आपला संगणक तपासून पाहावा. १०-बिट ४:२:२ प्रकारचे चित्रीकरण उलगडायला सर्व यंत्रांना जमत नाही. उदाहरणार्थ, एनव्हिडियाच्या ५० मालिकेपूर्वीच्या ग्राफिक्स कार्डांत त्याची सोय नाही.

आता उणिवांकडे वळतो. ४के मध्ये सेकंदाला ६० फ्रेम घ्यायच्या झाल्या, तर सेन्सरचा केवळ मधला, एपीएस-सी आकाराचा भाग वापरला जातो. म्हणजे २० मिलिमीटरच्या लेन्सची चौकट ३० मिलिमीटरच्या लेन्सएवढी अरुंद होते. मैदानात याने बिघडत नाही, परंतु दहा बाय बाराच्या खोलीत ओटी भरण्याचा कार्यक्रम संथ गतीत दाखवायचा असेल, तर मागे सरकायला भिंत आडवी येते. हा सेन्सर स्टॅक्ड (प्रतिमा झटपट वाचणाऱ्या) प्रकारचा नाही, त्यामुळे त्यावरची प्रतिमा ओळीओळीने वाचायला वेळ लागतो. इलेक्ट्रॉनिक शटरने सेकंदाला ३० फोटो निघत असले, तरी वेगाने हलणाऱ्या वस्तूंचा आकार त्यात तिरका होण्याचा संभव राहतो. यांत्रिक शटर आणि सतत ऑटोफोकस यांचा वेग सेकंदाला ७ फोटो एवढाच आहे. भिगवणला रोहित पक्ष्यांच्या मागे जाणाऱ्यांनी दुसरा कॅमेरा पाहावा, हे मी स्पष्टपणे सांगतो. व्ह्यूफाइंडर ३६.८ लाख बिंदूंचा आहे. २०२४ च्या निकॉन झेड६-थ्री मध्ये तो ५७.६ लाख बिंदूंचा आणि कितीतरी अधिक उजळ आहे. रॉ (प्रक्रिया न केलेले) चित्रीकरण एचडीएमआय मधून बाहेर देण्यासाठी वेगळे पैसे मोजून परवाना घ्यावा लागतो, ही गोष्ट मला मुळीच पटलेली नाही. एस५-टू-एक्स या काळ्या भावंडात ती सोय, प्रोरेस (संपादनाला सोपा नोंदप्रकार) आणि यूएसबीवरच्या एसएसडीवर थेट नोंद आधीच दिलेली आहे.

फोटो आणि चित्रीकरण यांमध्ये जा-ये करण्यासाठी येथे मुख्य चकतीच फिरवावी लागते. सोनीच्या ए७-फोर मध्ये या चकतीखाली स्वतंत्र कडे दिले आहे, ते अधिक बरे. दोन्हींच्या मांडण्या मात्र वेगवेगळ्या जपता येतात. मी फोटोसाठी एक पंचशतांश सेकंद आणि चित्रीकरणासाठी १८० अंशांचा शटर कोन (म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडे) ठेवतो. चकती फिरवली की ज्याचे त्याला मिळते, आणि हे नसते तर वर दिलेला अक्षतांचा प्रसंग दोन्ही प्रकारे घेणे शक्यच झाले नसते.

लेन्स निवडताना एल-माउंटचा लाभ होतो, कारण २०१८ पासून लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा या तिघांच्या लेन्स एकमेकांच्या कॅमेऱ्यांवर बसतात. पॅनासॉनिकच्या एफ/१.८ मालिकेतल्या लेन्सचा आकार आणि वजन जवळजवळ सारखे असून सर्वांना ६७ मिलिमीटरचा एकच फिल्टर चालतो. गिंबलवर (कॅमेरा स्थिर तोलून धरणाऱ्या साधनावर) लेन्स बदलली की पुन्हा तोल साधत बसण्याचा त्रास त्यामुळे वाचतो. ७४० ग्रॅमच्या या कॅमेऱ्याला मी बहुधा गिंबल लावतही नाही, कारण अंगभूत स्थिरीकरण हातात धरून उभ्याने घेतलेल्या चौकटींना पुरते.

अमेरिकेत बाजारात आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत १९९९ डॉलर होती. २०२५ मध्ये आलेल्या लुमिक्स एस१-टू ने अंशतः स्टॅक्ड सेन्सर देऊन वेगाची तक्रार पुष्कळशी मिटवली आहे, परंतु त्याची किंमतही बरीच वर गेली आहे. लग्न, कीर्तन, घरचे सण आणि प्रवास एवढाच आपला पसारा असेल, तर मी आजही एस५-टू घ्या असेच म्हणेन. सोबत २०-६० मिलिमीटरची लेन्स घ्यावी, त्यानंतर पैसे साठवून ८५ मिलिमीटरची घ्यावी, आणि पहिल्याच आठवड्यात फर्मवेअर अद्ययावत करून, घरातल्या कुणाला तरी समोर उभे करून, मूठभर तांदूळ उधळत फोकसची संवेदनशीलता आपल्या हाताला बसवून घ्यावी.