पिकअपच्या इंजिन ऑइलमध्ये अडीच वर्षं फसलो, तुम्ही फसू नका

आधीची बरीच वर्षं माझ्या डिझेल पिकअपचं ऑइल मीच बदलायचो, गाडीखाली झोपून. मग पाठीचं दुखणं मागे लागलं आणि गाडी एका गॅरेजला द्यायला लागलो. माणूस गोड बोलणारा, वेळेत काम करून देणारा, बिलात प्रत्येक गोष्ट वेगळी लिहून देणारा. अडीच वर्षांत तीन सर्व्हिसिंग केल्या आणि तिन्ही वेळा त्याने मला चुना लावला.

पहिल्याच वेळी त्याने गेज, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, बाहेर काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि माझ्यासमोर धरली. काळंकुट्ट ऑइल. म्हणाला, बघा, ऑइल पार जळून गेलंय, आतून फ्लश मारावं लागेल, म्हणजे इंजिन धुवावं लागेल, वर एक अ‍ॅडिटिव्ह टाकू आणि या वेळी फुल सिंथेटिक भरू, मग पंधरा हजार किलोमीटर बिनधास्त चालवा. मी हो म्हणालो. दोन दिवसांनी घरी गेज काढली तर परत तेवढंच काळं, म्हणून फोन केला, तर म्हणतो डिझेल इंजिन आहे हो, ऑइल काळं होणारच.

आता यातली मेख अशी की त्याचं हे दुसरं बोलणं खरं होतं. डिझेलमध्ये काजळी तयार होते आणि ती इंजिनमध्ये न चिकटता तरंगत ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यात चेंबरमध्ये थोडं जुनं ऑइल राहतंच, त्यामुळे नवीन ऑइलसुद्धा काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं. म्हणजे काळ्या रंगावरून ऑइल खराब झालंय हेही ठरत नाही आणि बदललं नाही हेही ठरत नाही. त्याने हाच रंग एकदा मला घाबरवायला वापरला आणि नंतर मला गप्प बसवायला. गेजवर बघायचंच असेल तर लेव्हल बघा, ऑइल न टाकता ती वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय, आणि दुधी फेसाळ दिसलं तर पाणी किंवा कूलंट शिरलंय. या दोन्हीत गाडी लगेच दाखवायची, थांबायचं नाही.

तिसऱ्या सर्व्हिसिंगनंतर चारेक महिन्यांत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या सायलेन्सरच्या बाजूच्या फिल्टरचा, दिवा वारंवार लागायला लागला आणि चढावर टर्बोची (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने पहिला प्रश्न विचारला, ऑइल फिल्टर कधी बदललाय? मी म्हणालो पाच हजार किलोमीटरपूर्वी, बिल आहे. त्याने टॉर्च मारला, फिल्टरवर वाळलेला चिखल होता, तो बोटाने खरवडला आणि खालून पांढऱ्या पेंट मार्करने लिहिलेला किलोमीटरचा आकडा दिसला, ६१४००. अक्षर माझं. मी स्वतः शेवटचा बदललेला फिल्टर होता तो, आणि गाडी तेव्हा १,०६,००० ला होती. तीन बिलांत तीन फिल्टरचे पैसे भरलेत मी.

फिल्टर चोंदला की इंजिन बंद पडत नाही, म्हणून कळतही नाही. आतला बायपास व्हॉल्व उघडतो आणि ऑइल न गाळताच फिरत राहतं, म्हणजे सगळा कचरा बेअरिंगमध्ये आणि टर्बोत. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावरच फिरतो, त्याला घाण ऑइल अजिबात सहन होत नाही.

ऑइलचा नमुना लॅबला पाठवला. बिलावर सीके-४ हा डिझेल ऑइलचा ग्रेड लिहिलेला, ज्यात फॉस्फरसची (तो ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हमधून येतो) मर्यादा १२०० पीपीएम, म्हणजे दहा लाखात १२०० भाग, आहे, आणि रिपोर्टमध्ये आला १४०० च्या वर. म्हणजे ड्रममधलं कुठलंतरी जुन्या ग्रेडचं लूज ऑइल भरलं होतं. डीपीएफवाल्या गाडीत हे फार महागात पडतं कारण काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे डीपीएफ तापवून साफ होतो तेव्हा, जळून जाते पण ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये साचतच जाते.

आणि माझीही चूक झाली ती अशी की मी "फुल सिंथेटिक" हे शब्द ऐकले आणि ग्रेड बघितलाच नाही. बघायचं काय तर मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन. सीके-४ हा ग्रेड डिसेंबर २०१६ मध्ये आला, तो सीजे-४, सीआय-४ या जुन्या ग्रेडच्या जागी चालतो, पण त्याच्याबरोबरच आलेला एफए-४ पातळ असतो, तो कंपनीने सांगितला असेल तरच टाकायचा. काही पिकअपना एसीईए सी३ (हा युरोपातला ग्रेड) सारखं लो-अ‍ॅश, म्हणजे कमी राख सोडणारं ऑइल लागतं, तिथे मग तेच. इंजिन जुनं झालंय, जाड ऑइल टाकू, असं कोणी म्हणालं तर आधी मॅन्युअलमध्ये त्या जाडीचा नंबर दाखवा म्हणायचं.

पंधरा हजाराचंही तसंच. सिंथेटिक ऑइल उष्णतेला चांगलं टिकतं हे खरं, पण काजळी आणि डिझेल त्यात मिसळायचं थांबत नाही. मी माल भरून चालवतो, धुळीत चालवतो, तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभा असतो. मॅन्युअलमध्ये अशा वापरासाठी वेगळा, कमी किलोमीटरचा तक्ता असतो आणि किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते धरायचं असतं. तो तक्ता मला माहीत होता, तरी मी त्याच्या तोंडी बोलण्यावर गेलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

फोटो आणि रिपोर्ट घेऊन गॅरेजवाल्याकडे गेलो. आधी म्हणाला पोरानं केलं असेल, मग म्हणाला लॅबवाले काहीही लिहितात, शेवटी एका फिल्टरचे पैसे पुढे केले आणि बाकी हात वर केले. टर्बो बदलावा लागला, डीपीएफ खोलून साफ करावा लागला, सगळं माझ्या खिशातून.

आता सीलबंद कॅन मी स्वतः घेऊन जातो, झाकणाखालची सीलची पत्री माझ्यासमोर फोडायला लावतो, ऑइल गळेपर्यंत तिथेच उभा राहतो. जुना फिल्टर हातात घेतल्याशिवाय पैसे देत नाही. रिकाम्या कॅनला भोक पाडून घरी आणतो, कारण चांगल्या कंपनीच्या कॅनमध्ये लूज ऑइल भरून परत विकतात. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही, हा नवीन मेकॅनिक तर स्वतःच मार्कर पुढे करतो. मागच्या आठवड्यात चिखल पुसून बघितलं, फिल्टरवर १०६२०० आहे, माझ्याच अक्षरात, आणि गाडी १,११,००० ला आलीय. पुढच्या महिन्यात बदलायचाय.