दर पंधरा दिवसांनी, सकाळी दहा वाजता

समुद्रकाठी कायमचं राहायला जागा शोधत असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मी घर घेऊन बसलोय, आणि मला फसवलं गेलंय.

दलालाने ते घर मला तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा सकाळी दहाला, दर पंधरवड्याने. माणूस वेळेचा पक्का आहे म्हणून माझा विश्वास उलट वाढला. समोर रुंद, मोकळी वाळू, समुद्र पार लांब. ‘पाणी कुठवर येतं?’ असं मी विचारलं, तेव्हा त्याने पायाने वाळूत रेघ मारून दाखवली. मात्र बाराच्या आत तो आम्हाला तिथून हलवायचा. दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार म्हणायचा.

राहायला गेल्यावर पहिल्याच पौर्णिमेला, दुपारी चारच्या सुमारास पाणी त्या रेघेच्या कितीतरी अलीकडे, थेट कुंपणाशी आलं. तेव्हा उलगडा झाला. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, म्हणजे पंधरवड्यात सुमारे १२ तास. जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच सुमारास ओहोटी मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती सगळ्यात वर चढते, तशी ओहोटीही सगळ्यात खाली उतरते, आणि दोन्हींत जेमतेम सहा तास जातात. त्याने मला ओहोटी दाखवली आणि भरती चढायच्या आत गाडीत बसवलं. एकदा घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं.

वाळूबद्दलही तो अर्धंच बोलला. समुद्र खवळला की मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि शांत दिवसांत ती हळूहळू परत येते, हे खरं आहे. पण आमच्या किनाऱ्यावर वाळू ज्या बाजूने वाहत येते, त्याच बाजूला समुद्रात आडवा दगडी बांध घातलाय. वाळू त्याच्या पलीकडे साचते आणि आमची बाजू झिजत जाते. ‘हा बांध तुमच्या घराचा राखणदार,’ असं तो म्हणाला होता. शेजारच्या जुन्या रहिवाशाने मला झाडांची उघडी पडलेली मुळं दाखवली. त्यांना आधीच भेटायला हवं होतं.

आणि पाणी! घर बघताना नळाला गोड पाणी होतं, पण ते टँकरचं. विहीर मचूळ निघाली. किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असलं, तर त्याखाली ढोबळमानाने ४० मीटरपर्यंत ते टिकतं. म्हणूनच उपसा थोडा वाढला तरी खारं पाणी झपाट्याने वर येतं.

ताज्या रंगाखाली खाऱ्या हवेने गंजलेल्या सळया निघाल्या. गंज फुगतो, त्याने काँक्रीटला तडे जातात. स्लॅबची पोपडं आत्ताच सुटायला लागलीत.

तुम्ही दलालाला न सांगता जा. उधाणाच्या भरतीला जा, समुद्र खवळलेल्या दिवसांतही एकदा जा. विहिरीचं पाणी स्वतः काढून चाखा, छताचा एखादा कोपरा ठोकून बघा. आणि भरतीची रेघ कागदावर, सहीनिशी लिहून घ्या. माझी वाळूत मारलेली होती, ती दाखवायला आता माझ्याकडे काहीच नाही.