मेणवलीचा वाडा: घाटावरून परत फिरू नका

वाईहून धोमकडे निघालं की तीनेक किलोमीटरवर मेणवली. बहुतेक जण कृष्णेचा चंद्रकोरीसारखा घाट बघतात, पायऱ्यांवर फोटो काढतात आणि निघतात. घाटालगतचा नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा राहूनच जातो. फार वाईट वाटतं, कारण जुनं लाकूडकाम शिकायला सातारा जिल्ह्यात याच्या तोडीची जागा क्वचितच सापडेल.

चौकात खाली बसा आणि नजर सावकाश वर न्या. दगडी तळखडा म्हणजे खांबाखालची बैठक, त्यावर सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त (तुळईला टेकू देणारा लाकडी आधार), मग तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, वर कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत. तळखडा शोभेचा नाही, जमिनीची ओल खांबात चढू नये म्हणून आहे. अशा वाड्यांत उघडं लाकूड सहसा टिकतं. कुजतं ते तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. कौल सरकलं की पाणी भिंतीत मुरतं, टोक ओलं राहतं आणि मागोमाग वाळवी लागते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. चुन्याची भिंत मात्र सुकते, म्हणून दुरुस्ती चुन्यातच हवी. खांबाशी भुसा किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर राखणदाराला जरूर सांगा.

भिंतींवरच्या जुन्या चित्रांना हात लावू नका, फ्लॅशही नको. इतिहासाचे अभ्यासक वापरतात ते ‘मेणवली दप्तर’, म्हणजे नानांचा जुन्या कागदपत्रांचा संग्रह, याच वाड्यातलं.

घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी एका लहान दगडी देवळीत भलीमोठी घंटा टांगलेली आहे. ही मुळात चर्चची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथून आलेली. अगदी जवळ जाऊन बघा: धातूत उठवलेली मेरी आहे, कडेवर बाळ येशू. शंकराच्या दारात ती इतकी वर्षं सांभाळली गेली, हे बघून मन भरून येतं.

वाडा खाजगी आहे, त्यामुळे आत जाण्याआधी विचारा. जिने अंधारे आणि चढे, बॅटरी जवळ असू द्या. वाई स्टँडवरून रिक्षा केली तर थांबवूनच ठेवा, परतीला मिळेलच असं नाही. पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळतात, आणि वर धोम धरणातून पाणी सोडलं की नदी चढते. तेव्हा पोरांना काठाशी जाऊ देऊ नका.