ओपनकॅप : चालीच्या अभ्यासकाला कितपत पुरेसे?

मेंदू शरीराच्या हालचालींचे नियमन कसे करतो, या विषयात पदव्युत्तर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण येते ती मोजमापाची. अंगावर मार्कर (प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे) चिकटवून इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी चाल टिपणारी आणि जमिनीत पावलांचे बल मोजणाऱ्या फोर्स प्लेट बसवलेली प्रयोगशाळा मोजक्याच संस्थांना परवडते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेली, फोनच्या चित्रफितींवरून हालचाल मोजणारी ओपनकॅप ही प्रणाली नेमकी याच अडचणीवर उपाय शोधते आणि शैक्षणिक संशोधनासाठी ती विनामूल्य आहे. विद्यार्थ्यांनी ती जरूर वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती काय मोजते आणि काय गृहीत धरते, हे आधी नीट समजून घ्यावे.

साहित्य थोडेच लागते : दोन आयफोन किंवा आयपॅड, दोन ट्रायपॉड, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक छापील कागद आणि चांगले इंटरनेट. हा कागद कडक पुठ्ठ्यावर अगदी सपाट चिकटवावा, कारण कॅमेऱ्यांची जागा त्या चौकटींवरूनच ठरते आणि तेथे झालेली चूक पुढच्या प्रत्येक कोनात उतरते. व्यक्तीला सरळ उभे करून एक स्थिर स्थिती नोंदवली, की चाल टिपता येते. चित्रफिती सर्व्हरवर जातात. तेथे शरीरावरचे 20 बिंदू ओळखून त्यांवरून 43 शारीरिक खुणांच्या त्रिमितीय जागांचा अंदाज बांधला जातो. तयार होणाऱ्या फाइली शरीराच्या हालचालींचे विश्लेषण करणाऱ्या ओपनसिम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडतात, ही फार मोठी सोय आहे.

आपल्याकडच्या रुग्णांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. साडी, धोतर किंवा सैल सलवार यांत गुडघा आणि नितंबाचा सांधा कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. म्हणून घट्ट कपड्यांची आणि ते बदलण्यासाठी आडोशाची व्यवस्था आधीच करावी, आणि वयस्क स्त्रियांना त्यामागचे कारण शांतपणे समजावून सांगावे.

अचूकतेविषयी 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मूळ शोधनिबंधात सांध्यांच्या कोनांतील सरासरी चूक 4.5 अंश दिली आहे. निरोगी माणसाचा गुडघा पाय पुढे टाकताना सुमारे 60 अंश वाकतो, आणि पक्षाघातानंतर ताठर झालेल्या पायात हे वाकणे इतके कमी झालेले असू शकते, की तो फरक या प्रणालीला सहज सापडावा. परंतु उपचारानंतर झालेली दोन-तीन अंशांची सुधारणा सिद्ध करायची असेल, तर हे साधन पुरे पडणार नाही. शिवाय ती पडताळणी दहा निरोगी व्यक्तींवर झाली होती, हे प्रबंधात लिहायला विसरू नये. हाताचा कंप किंवा बोटांच्या बारीक हालचाली हा ज्यांचा विषय आहे, त्यांनी दुसरे साधन पाहावे.

खरी मर्यादा याहून खोल आहे. चित्रफितीत स्नायूंचे बल दिसत नाही. ते सिम्युलेशनमधून, म्हणजे हालचालीची संगणकावर नक्कल करून, काढले जाते, आणि त्यासाठी शरीर कमीत कमी स्नायुश्रमात काम भागवते असे धरले जाते. निरोगी चालीला हे गृहीतक बऱ्यापैकी लागू पडते. पक्षाघाताच्या रुग्णात मात्र पोटरीचा आणि नडगीपुढचा स्नायू अनेकदा एकाच वेळी आवळले जातात. घोट्याचा कोन तोच राहतो, पण मेंदूकडून निघालेला आदेश पूर्ण वेगळा असतो. चेतासंस्थेच्या अभ्यासकाला हवा असतो तो नेमका हाच फरक, आणि कमीत कमी श्रमाचे गणित तोच पुसून टाकते. म्हणून या दोन स्नायूंवर तरी ईएमजीचे (स्नायूंतील विद्युत संकेत टिपणाऱ्या तपासणीचे) इलेक्ट्रोड लावून नोंद घ्यावी आणि सिम्युलेशनचे उत्तर तिच्याशी ताडून पाहावे.

रुग्णांच्या चित्रफिती संस्थेबाहेरच्या सर्व्हरवर जाणार असल्याने नैतिकता समितीच्या अर्जात आणि रुग्णाच्या मराठी संमतिपत्रात तसा स्पष्ट उल्लेख हवा. हा मजकूर मार्गदर्शकांना दाखवून पहिल्या नोंदीच्या बऱ्याच आधी मंजूर करून घ्यावा.