नोकरीची हमी त्यांची, कर्ज तुमच्या नावावर

पदवी हातात आली की फोन सुरू होतात: 'सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची शंभर टक्के हमी, फी सावकाश हप्त्यांनी.' खरी मेख या हप्त्यांत आहे. फी पहिल्याच आठवड्यात पूर्ण भरली जाते, तीही तुमच्या नावावर काढलेल्या कर्जातून.

प्रवेशाच्या दिवशी 'फी फॉर्म' म्हणून मोबाइलवर काही पानं येतात. समुपदेशक शेजारी बसून ओटीपी विचारतो. त्या ओटीपीने कर्जाच्या करारावर तुमची सही होते आणि दरमहा खात्यातून हप्ता परस्पर वळता करायची परवानगीही जाते. कर्ज देणारी कंपनी रक्कम थेट संस्थेला देते. पैसे मिळाल्यावर तुम्हाला नोकरी लागली काय नि न लागली काय, संस्थेला फरक पडत नाही. वर्ग बंद पडले, संस्थेला टाळं लागलं, तरी हप्ते चालूच; कर्जाचा करार वेगळ्या कंपनीशी असतो. आई-वडिलांना सहकर्जदार केलं असेल तर वसुलीचे फोन त्यांनाही.

'हमी'ची कलमं वाचा. बहुतेकदा हमी मुलाखतींची असते, नोकरीची नाही. हजेरी नव्वद टक्क्यांखाली गेली किंवा कुठलीही एक ऑफर नाकारली, की फी परत मिळण्याचा हक्क बाद. मग दूरच्या शहरातली, किरकोळ पगाराची ऑफर मुद्दाम पुढे केली जाते. जाहिरातीतली टक्केवारीही अशीच. 200 जणांनी प्रवेश घेतला, त्यातले 60 'पात्र' ठरवले, 54 जणांना काम मिळालं, की फलकावर 90 टक्के. प्रत्यक्षात 27. त्यामुळे 'किती टक्के?' विचारण्यापेक्षा 'कितीपैकी किती?' विचारा.

व्याजाचा दर फ्लॅट आहे का, हेही बघा. 1,20,000 च्या एका वर्षाच्या कर्जावर वर्षाला 12 टक्के फ्लॅट म्हणजे 14,400 व्याज आणि 11,200 चा मासिक हप्ता. मुद्दल दरमहा घटतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लागतं. म्हणून खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. घटत्या मुद्दलावर त्याच 12 टक्क्यांनी व्याज आठ हजारांच्या आतच राहिलं असतं. 'बिनव्याजी' म्हटलं, तर व्याज बहुधा फीतच मिसळलेलं असतं. एकरकमी फी किती, ते विचारलं की कळतं.

सही झालीच असेल, तर आधी करारातली रद्द करण्याची मुदत शोधा. ती अनेकदा मोजक्या दिवसांची असते. मुदत उलटली असेल, तर रागाने हप्ते थांबवू नका. दंड चढतो आणि क्रेडिट स्कोअर पडतो, तो पुढे घरकर्जाला आडवा येतो. संस्था आणि कर्ज कंपनी, दोघांनाही एकाच ईमेलमध्ये लेखी तक्रार पाठवा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, समुपदेशकाचे मेसेज, बंद वर्गांच्या तारखा सोबत जोडा आणि संस्थेला रक्कम कधी दिली याचा पुरावा मागा. ठरल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर हाच ईमेल जोडून कर्ज कंपनीच्या नियामकाकडे आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाता येतं.