पाऊस नाही, की लहरीच पोहोचल्या नाहीत?

मुंबई परिसरातील पावसाची रडारचित्रे मोबाइलवर दाखवणारे हे ॲप हलक्या आणि मध्यम सरींसाठी खरोखर उपयोगी आहे. कोणती सर कोणत्या उपनगराकडे सरकते आहे, हे त्यात स्वच्छ दिसते. मात्र ही चित्रे एक्स-बँड रडारची असून, सुमारे ३ सेंटीमीटर तरंगलांबीच्या त्या लहरी अतिमुसळधार पाऊस किंवा ओल्या गारांमधून जाताना इतक्या क्षीण होतात की गडद लाल पट्ट्याच्या पलीकडे, रडारपासून दूरच्या बाजूस, पाचरीच्या आकाराची मोकळी जागा उमटते. ती जागा म्हणजे निरभ्र आकाश नव्हे. रडारचित्रावर आंधळेपणाने विसंबणे महागात पडू शकते: अमेरिकेत ४ एप्रिल १९७७ रोजी सदर्न एअरवेजच्या २४२ क्रमांकाच्या विमानाला जॉर्जियात झालेल्या अपघाताच्या चौकशीत, वादळातून वाट काढताना विमानातील रडारवर ठेवलेली भिस्त हे एक सहायक कारण ठरले होते.

दुहेरी ध्रुवीकरणाच्या, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणाऱ्या रडारमध्ये त्या दोन लहरींच्या कलांतरावरून (एक लहर दुसरीच्या किती मागे पडली यावरून) लहरींच्या जोरातली ही घट बरीच भरून काढता येते, पण पावसावरून परतणारा प्रतिध्वनी पूर्णच हरवला तर गणिताला आधारच उरत नाही. माझी मुख्य तक्रार वेगळी आहे: ‘पाऊस नाही’ आणि ‘लहर पोहोचली नाही’ या दोन्हींसाठी ॲप एकच पांढरा रंग वापरते. तेथे राखाडी छटा देणे अवघड नसावे. तोवर मोठ्या पावसात कुलाब्याच्या, सुमारे १० सेंटीमीटर तरंगलांबीच्या एस-बँड रडारचे चित्र शेजारी उघडून ठेवावे. पाचपैकी तीन तारे.